ऑर्फाचा शिक्का

ऑर्फा स्टाउफर आयुष्यात एकही सामना बघायला गेली नाही. आमच्या गावात रविवारी चर्चला दांडी मारणाऱ्याला लोक समजून घेतात, सामन्याला न येणाऱ्याला नाही. आमच्या या टॅनर्स फोर्डला कारखाना एकच, आणि त्यात बेसबॉलच्या लाकडी बॅटींशिवाय दुसरं काही होत नाही. निम्मं गाव त्या बॅटी घडवतं आणि उरलेलं निम्मं त्या फिरवतं. ऑर्फाने एकेचाळीस वर्षं त्या बॅटींवर शिक्का मारला. मैदान तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण ती तिकडे फिरकली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मला लाकूड कळतं. चेंडू कळत नाही."

मी मर्ल हेस. माझं लेथ तिच्या टेबलापासून वीस पावलांवर. लाकडाच्या दांड्याला मी गोलाई द्यायची आणि तिने त्यावर शिक्का डागायचा, असा आमचा छत्तीस वर्षांचा शेजार. माझ्या बायकोबरोबर मला एवढी वर्षं मिळाली नाहीत.

शिक्का मारणं म्हणजे पोस्टातल्या कारकुनाचं काम, असं परगावच्या माणसाला वाटतं. तसं नाही. लाकडाला चार अंगं असतात. समोरासमोरच्या दोन अंगांवर रेघा बारीक, सरळ, एकीला एक चिकटून. उरलेल्या दोन अंगांवर त्याच रेघा पसरून रुंद होतात आणि ज्योतीसारख्या दिसतात. अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाने चेंडूचा मार बारीक रेघांच्या अंगावर घ्यायचा असतो. रुंद अंगावर घेतला की पापुद्रे सुटतात आणि बॅट कामातून जाते. खेळणाऱ्या पोराला हे सगळं कुठून कळणार? म्हणून त्याला चालायला लागल्यापासून एकच शिकवतात: शिक्का आभाळाकडे. शिक्का वर धरला की चेंडू त्याच्या शेजारच्या अंगावर बसतो. म्हणजे लाकडाने मार कुठल्या अंगाने खायचा हे शिक्का मारणारी बाई ठरवते. ऑर्फा बॅटीच्या टोकाकडे एकदा बघायची, अंगठ्याने तिला फिरवायची आणि रुंद अंग तापलेल्या शिक्क्याखाली आणायची. एवढं करायला तिला एका शिंकेइतकाही वेळ लागायचा नाही.

शनिवारी सकाळी ती कारखान्याच्या व्हरांड्यात बसायची. शाळेत पोरं धातूची बॅट वापरतात, पण खोऱ्याच्या उन्हाळी संघात धातू चालत नाही. त्या वयाला आलेल्या पोराला पहिली लाकडी बॅट घ्यावी लागते, आणि आमच्याकडे ती कुणी स्वतः निवडत नाही. ऑर्फा निवडते. पोरगं आईबापाला घेऊन यायचं आणि ऑर्फा त्याच्या हातात आधी झाडू द्यायची. "भुसा काढ," म्हणायची. ऑर्फाने चाळीस वर्षांत एकदाही व्हरांडा स्वतः झाडला नाही अशी गावात थट्टा होती. ती मात्र खुर्चीत बसून पोराची मनगटं बघत असायची. दांड्यावर अंगठे आवळून धरणाऱ्याला बारीक मुठीची बॅट चालत नाही, बोटांवर दांडा खेळवणाऱ्याला जाड मुठीची नको. मग एकच प्रश्न, घरी उचलतोस काय? गवताचे भारे, दुधाच्या बादल्या, की नुसता फोन? त्यावर वजन ठरायचं. मग फळीवरच्या कोऱ्या बॅटींतल्या चार-पाच काढायच्या, एकेकीच्या मुठीच्या टोकाचा गोळा दोन बोटांत धरून तिला लोंबती ठेवायची आणि लाकडी हातोडीने ठोकून कान द्यायचा. बद्द वाजली की परत फळीवर. शेवटी उरेल ती पोराची. तिच्यावर ऑर्फा जुना हातशिक्का शेगडीत तापवून तिथल्या तिथे डागायची, आणि जळक्या लाकडाचा तो वास कपड्यांना लागलेल्या पोराची आई ते कपडे दोन दिवस धुवायची नाही.

बॅट तुटली की तीही तिच्याकडेच परत यायची. ऑर्फा तुकडे मांडीवर घेऊन जुळवायची, चिरेवरून बोट फिरवायची आणि निकाल द्यायची. निकाल दोनच, "लाकूड" किंवा "पोरगं." लाकूड म्हणजे खोट आतली होती, नवीन घेऊन जा. पोरगं म्हणजे शिक्का फिरवून धरलास, घरी जा. माझ्या आठवणीत ती चार वेळा "लाकूड" म्हणाली असेल. बाकी सगळी पोरं. त्यांतली काही आता आजोबा झाली आहेत आणि अजून ते मनावर घेऊन बसली आहेत, पण तिच्या निकालावर कुणी कधी उलट बोललं नाही.

मला तर तिने कधीच सवलत दिली नाही. माझ्या बॅटीत खोट दिसली की त्यावर खडूने फुली मारून ती स्वतः चालत यायची आणि बॅट माझ्या लेथवर ठेवून जायची.  माझी लोइस गेली त्या हिवाळ्यात मी दहा दिवसांनी कामावर आलो, आणि पहिल्याच आठवड्यात ऑर्फाने माझ्या एकतीस बॅटी परत आणल्या. संध्याकाळी माझ्या दारात नूडल्सचं झाकलेलं भांडं ठेवून जायची आणि सकाळी फुल्या आणून ठेवायची. फोरमनला राहवेना. तो म्हणाला, "ऑर्फा, महिनाभर सोड ना त्याला." ती म्हणाली, "त्याची बायको गेली, हात गेले नाहीत." तेव्हा मला ती बाई दगडाची वाटली. बाकी सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, मी खोलीत आलो की हसणं थांबवायचे. फेब्रुवारीत माझा हात ताळ्यावर आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या सगळ्या दिवसांत मला जिवंत माणसासारखं वागवणारी ती एकटीच होती. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिनेही ऐकून घेतलं नसतं.

मग हिरवा भुंगा आला. नखाएवढा किडा, पण डोंगरच्या डोंगर अ‍ॅश त्याने सालीखालून पोखरला. आमच्या आज्यापणज्यांनी ज्या झाडांवर पोट भरलं ती झाडं पाच-सहा वर्षांत वाळून उभी राहिली. कारखान्याने मेपल या दुसऱ्या झाडाचं लाकूड आणायला सुरुवात केली. मेपलचं सगळं उलटं. त्याने मार रुंद अंगावर खायचा, म्हणजे शिक्का बारीक रेघांच्या अंगावर. आधी आम्हालाही ते ठाऊक नव्हतं. वरून तसा हुकूम आला. साठीच्या पुढच्या बाईला एकदम हात उलटे चालवायला सांगायचे, म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हाताने जेव म्हणण्यातला प्रकार. पण ऑर्फाने शिक्क्याच्या यंत्रावर लाल रंगाची एक रेघ मारून घेतली, बॅट ठेवताना तिच्याकडे बघायची, आणि तीन वर्षांत तिची एक चूक झाली नाही. यंत्रावर रेघ होती. शनिवारच्या हातशिक्क्यावर काही नव्हतं, पण शनिवारसाठी तिने अ‍ॅशचा शेवटचा साठा राखून ठेवला होता. चौथ्या वर्षीच्या मे महिन्यात तोही संपला.

त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी एमरी फॉस्ट आला. सतरा वर्षांचा, लांब हातांचा, बोलायला सुरुवात केली की कान लाल होणारा पोरगा. शाळेआधी मामाच्या गोठ्यात चाळीस गाईंचं दूध काढायचा. आई शार्लीन शाळेच्या खानावळीत कामाला. खोऱ्याच्या संघात त्या उन्हाळ्यात एकच जागा रिकामी होती, आणि तिच्यासाठी मंगळवारी चाचणी होती. त्या संघाचे सामने बघायला कॉलेजच्या संघांची माणसं येतात आणि त्यातून एखाद-दुसऱ्याला उचलतात. आमच्या गावातलं पोरगं असं उचलून सहा वर्षं झाली होती. एमरीला दुसरं काही नकोच होतं. शार्लीन सांगत होती, की पठ्ठ्या गाईंच्या अंगाखाली बसूनसुद्धा मनगटं फिरवत असतो, एकदा बादलीच उडवली.

ऑर्फाने झाडू दिला. त्याने व्हरांडा झाडला आणि न सांगता बाक उचलून त्याच्याखालचाही भुसा काढला. ऑर्फा खूश झाली. ती खूश झाली की बोलायला लागायची, आणि असं वर्षातून एकदा व्हायचं. तिने सात बॅटी ठोकून बघितल्या, तेहतीस इंची एक ठेवली, शिक्का शेगडीत सरकवला आणि शार्लीनशी गाईंवर बोलत बसली. ऑर्फाच्या बापाचाही गोठा होता. कुठली गाय लाथ मारायची, कुठलीला गाणं लागायचं, हे सांगता सांगता तिने बॅट उचलली, टोकाकडे बघितलं, अंगठ्याने फिरवली आणि शिक्का डागला. हात एकेचाळीस वर्षांच्या वाटेने गेला.

मी पायरीवर कॉफी घेऊन बसलो होतो. एमरी खाली उतरताना थांबला आणि बॅट माझ्यासमोर धरून म्हणाला, "मिस्टर हेस, बघा ना." ती मीच घडवलेली होती. मेपलच्या रेघा पुसट असतात, पण या दांड्याच्या रुंद अंगावर बोटभर लांब तपकिरी पट्टा होता, तो मी लेथवरच पाहून ठेवला होता. शिक्का त्या पट्ट्याला लागूनच बसला होता. म्हणजे चुकीच्या अंगावर. पोरगं शिकवल्याप्रमाणे शिक्का वर धरणार, आणि मेपल नको त्या अंगाने मार खाणार.

मी म्हणालो, "छान आहे."

असं का म्हणालो याची कारणं मी तेव्हाच गोळा करायला लागलो. व्हरांड्यात दहा-बारा माणसं होती. ऑर्फा कधी नव्हे ती हसत होती. ती अडुसष्ट वर्षांची होती. चारचौघांत तिला चूक दाखवायची म्हणजे काय. कदाचित मलाच नीट दिसलं नसेल. कदाचित बॅट टिकेलही. अशा कितीतरी टिकतात. निदान पोराला बाजूला घेऊन "पाव फेरा फिरवून धर" एवढं तरी सांगता आलं असतं, तेही मी केलं नाही. मूग गिळून बसलो आणि कॉफी संपवली.

मंगळवारी दुसऱ्याच चेंडूला बॅट मुठीच्या वर तुटली. जाड तुकडा गरगरत तिसऱ्या बेसच्या कोपऱ्यापर्यंत गेला, सुदैवाने तिथे कुणी नव्हतं. उरलेले आठ चेंडू एमरीने दुसऱ्याची बॅट घेऊन खेळले. ती त्याला जड पडली आणि एकही धड लागला नाही. रुडी बेंडर त्या संघाचा कोच. माणूस वाईट नाही, फक्त आवाज मोठा. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "शिक्का कुठे होता रे तुझा, पाताळाकडे?"

एवढं पुरे झालं. बुधवारपर्यंत ते गावभर झालं होतं. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पॅनकेकचा नाश्ता होता, तिथे कुणीतरी एमरीला म्हणालं, दूध काढताना बादली तरी सरळ धरतोस ना. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्यांनी ठरवून टाकलं की हल्लीच्या पोरांना धातूची सवय, त्यांना लाकूड पेलत नाही. ऑर्फाच्या हातची बॅट दोन चेंडूंत तुटते म्हणजे पोराने दिवेच लावले असणार, यात कुणाला शंका नव्हती. रुडीने यादी सोमवारी लावायची ठरवली होती, पण रिकामी जागा कुणाला मिळणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, आणि तो एमरी नव्हता.

शुक्रवारी मला एमरी दुकानात भेटला. मी विचारलं, शिक्का कसा धरला होतास? तो म्हणाला, "वर. नक्की वर." मग म्हणाला, "निदान मला तसं वाटलं." त्याचं ते दुसरं वाक्य मला फार लागलं. मी दुधाचा डबा घेतला आणि बाहेर पडलो. तेव्हाही बोललो नाही.

शनिवारी तो तुकडे घेऊन आला. नसता आला तरी चाललं असतं, पण आमच्याकडे तुटलेली बॅट ऑर्फासमोर न आणणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. शार्लीन त्याच्याबरोबर होती. रुडी बेंडरही आला होता; तो दर शनिवारी फुकटच्या कॉफीला येतो. व्हरांड्यात नेहमीपेक्षा गर्दी जास्त होती, आणि लोक निकाल ऐकायला आले नव्हते, तो त्यांना माहीत होता. पोराचं तोंड कसं होतं ते बघायला आले होते.

ऑर्फाने तुकडे मांडीवर घेतले. जुळवले. मग चष्मा काढून पुसला, परत घातला आणि बॅट हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवली. एरवी तिला एवढा वेळ लागत नाही. मला कळलं की तिला दिसलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "बोल ना ऑर्फा. पोरगं ना?"

"नाही," ती म्हणाली. "लाकूडही नाही. शिक्का चुकलाय. मेपलवर मी अ‍ॅशचा शिक्का मारला. पोराने तो वरच धरला होता. वर धरला म्हणूनच तुटली."

 मग लोकांच्या चेहऱ्यांवर एक मऊ हसू पसरत गेलं. कुणाचाही विश्वास बसला नव्हता. एकेचाळीस वर्षं जी बाई चुकली नाही, ती आज एका गरीब पोराला वाचवायला स्वतःवर ओढून घेतेय, एवढंच त्यांना दिसलं. एक म्हातारी डोळे पुसायला लागली. मेपलच्या त्या पुसट रेघा त्यांना दाखवूनही दिसल्या नसत्या. कारखान्यातले निम्मे लोक फक्त रंग आणि खोकी बघतात.

रुडी तिच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला. तो स्वतः पन्नाशीचा, पण त्याची पहिली बॅट तिनेच दिलेली, म्हणून अजून तिला आडनावाने हाक मारतो. "मिसेस स्टाउफर," तो म्हणाला, "तुमचं मन मोठं आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्याची चूक त्यालाच पेलू द्या. त्याच्याच भल्याचं आहे."

"रुडी, मी काय म्हणाले ते ऐकलंस का?"

"ऐकलं ना."

"मग दया काय दाखवतोयस? शिक्का बघ."

रुडीने शिक्का बघितला. त्याला नुसता शिक्काच दिसला. शार्लीन पुढे झाली आणि म्हणाली, नको मिसेस स्टाउफर, त्याच्यासाठी तुम्ही आपलं नाव कशाला खराब करून घेता. आणि एमरी, कान लालभडक, जमिनीकडे बघत म्हणाला, "मीच फिरवली असेन. घाईत कळलं नसेल."

ऑर्फाने त्याच्याकडे पाहिलं. खरं बोलून उपयोग होत नाही असा प्रसंग तिच्यावर पूर्वी आला नसावा. तिचे हात तुकड्यांवर तसेच होते. तिने गर्दीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"मर्ल, ही तुझ्या हातची आहे. ये इकडे, बघ आणि यांना सांग."

मी बॅट हातात घेतली. बघायचं काही नव्हतं, तरी बघितलं. तपकिरी पट्टा तिथेच होता. "शिक्का चुकीच्या अंगावर आहे," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं. पण रुडीच्या चेहऱ्यावर तेच मऊ हसू होतं. आता मीही म्हातारीची बाजू सावरतोय असं त्याला वाटत होतं. म्हणून मी म्हणालो, "हा पट्टा रुंद अंगाचा. मी लेथवर पाहिला होता. आणि शिक्का चुकलाय हे मला त्याच शनिवारी दिसलं होतं. पोराने मला बॅट दाखवली तेव्हा. मी गप्प बसलो."

हे मात्र सगळ्यांना पटलं. माणूस स्वतःला एवढं वाईट दाखवायला खोटं बोलत नाही. रुडीने तुकडे माझ्या हातून घेतले, पट्टा आणि शिक्का अंगठ्याने चाचपले, आणि उठला. एमरीसमोर जाऊन त्याने टोपी काढली. "मी मैदानात बोललो ते चुकलं," म्हणाला, त्याच मोठ्या आवाजात, हे त्याचं बरं. "सोमवारी ये. दहा चेंडू. यादी मी त्यानंतर लावतो." शार्लीनने पोराचं डोकं छातीशी धरलं आणि ते पोरगं, आईपेक्षा वीतभर उंच, वाकून रडलं. रडताना एकच म्हणत होतं, वर धरला होता मी, वर धरला होता.

ऑर्फाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

"त्याच शनिवारी दिसलं होतं?"

"हो."

"आणि बोलला नाहीस."

मी म्हणालो, लोक होते, तू खूश होतीस, मला वाटलं कशाला.

"एवढ्या वर्षांत तुझी एक तरी खोट मी पोटात घातली का?"

"नाही."

"का नाही घातली?"

मला उत्तर माहीत होतं, लोइस गेली त्या हिवाळ्यापासून.

"चूक माझी होती," ती म्हणाली. "ती मी निस्तरीन. चुकणाऱ्याचं काही नाही. पण तू मला म्हातारी समजलास, मर्ल. बाकीचे हे आत्ता समजले. तू आठ दिवस आधी समजलास."

 माफी मागावी असं मला वाटलं आणि ती मागितली असती तर तिने मला व्हरांड्यावरून खाली ढकललं असतं हेही कळत होतं. मी छत्तीस वर्षांत इतका लाजलो नव्हतो.

ती खुर्चीतून उठली. एमरीला म्हणाली, "नवी बॅट हे देतील." हे म्हणजे मी. तिने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मग बाजूला होऊन, हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

मी आयुष्यात कधी बॅट निवडून दिली नव्हती. मी दांडे गोल करतो. फळीवरून मी एक घेतली, ठोकली, परत ठेवली; दुसरी घेतली. कानाला सगळ्या सारख्याच वाजायला लागल्या. चौथी बरी वाटली. एमरीच्या हातात देऊन त्याला दोनदा फिरवायला लावली, परत घेतली आणि टोकाकडे बघितलं. बघून झाल्यावर परत बघितलं. बारीक रेघांचं अंग वर आणलं, मग आपण उलटं तर करत नाही ना असं वाटून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. लोक वाट बघत होते. शिक्का तापून लाल झाला होता.

"इथे?" मी ऑर्फाला विचारलं.

 तिला दिसलं होतं, आणि आता ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती. मी शिक्का टेकवला. धूर डोळ्यांत गेला. जरासा तिरका बसला, पण बसला योग्य अंगावर, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. एमरी "थँक्यू, मिस्टर हेस" म्हणून बॅट घेऊन गेला, या वेळी पायरीवर कुणालाही न दाखवता.

ऑर्फाने पर्स उचलली. जाताना माझ्याजवळ थांबली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "आता ही तुटली तर लोक तुझ्या दारात येतील."

सोमवारी मी अर्धी रजा टाकून मैदानावर गेलो. कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून उभा राहिलो. एमरी आला, शिक्का आभाळाकडे केला, रुडीला दिसावा म्हणून मनगट जरा वळवून दाखवलाही. पहिला चेंडू बॅटीवर आला तेव्हा मी डोळे मिटले आणि कान दिला. आवाज स्वच्छ होता. दुसऱ्याला परत मिटले. दहाही चेंडूंना मी तेच केलं, आणि दहाव्यानंतर जाळीतून बोटं सोडवली तर त्यांवर तारेचे वळ उठले होते. बॅट शाबूत होती. एमरीची निवड झाली हे मला संध्याकाळी शार्लीनकडून कळलं. चेंडू कुठे जात होते ते मी बघितलंच नव्हतं.